कोपऱ्यातला छोटा चौकोन

आमच्या इमारतीच्या दाराबाहेरचा ओटा जमिनीपासून दहा इंच उंच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्या गल्लीत पाणी भरतं, म्हणून इथे सगळेच ओटे उंच बांधतात. त्याला मध्ये एक पायरी आहे. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला जाताना मी रोज तिच्यावरून उतरायचे आणि संध्याकाळी चढायचे, पण तो ओटा किती उंच आहे याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं, पायांतला जोर परत आला नाही, आणि एका सकाळी मी टेप घेऊन त्या ओट्यासमोर उकिडवी बसले.

बाबा गेल्यानंतर आई साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आली होती. मला वाटलं होतं, ती इथे घरात कोंडली जाईल. झालं उलटंच. मी तीन वर्षांत शेजाऱ्यांपैकी दोघांशी बोलले होते, तर आईने दोन महिन्यांत गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फुलवालीशी मैत्री केली. आईला तमिळ येत नव्हतं आणि तिला मराठी. तरी रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांचं काय चालायचं कोण जाणे. फुलवाली मोगऱ्याचा गजरा हातावर मोजून द्यायची, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळम. आई म्हणायची, "तुझा हात आखूड आहे, माझ्या हाताने मोज." हे ती मराठीतच म्हणायची आणि तिला ते समजायचं.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा तपासणीला जायचं होतं तेव्हा वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी, दोघांनी मिळून आईला चाकाच्या खुर्चीसकट उचलून ओट्यावरून खाली ठेवलं. उचलताना तिचा गाऊन गुडघ्यांच्या वर सरकला. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली होती, त्यामुळे तो तिला खाली ओढता येईना. मी मागे फाइल आणि पाण्याची बाटली धरून उभी होते. माझ्या लक्षात आलं तोपर्यंत खुर्ची जमिनीवर होती.

घरी परतल्यावर ती म्हणाली, "आता मला कुणी उचलायचं नाही. मेल्यावर उचला."

ती चेष्टा नव्हती. पुढच्या तपासणीला तिने यायचं नाकारलं. डॉक्टरांनी व्हिडिओवर बघितलं. व्यायाम शिकवणारी बाई घरी यायची, आणि तिच्या मदतीने आई खुर्ची स्वतः ढकलायला शिकली. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते खिडकी. आमचं घर तळमजल्यावर, खिडकी इमारतीच्या दाराच्या शेजारीच होती, तिच्यातून ओटा, अंगण आणि फाटक दिसायचं. मी ऑफिसला गेल्यावर दिवसभर ती तिथेच बसायची. मला ऑफिसात बसवेना. कामात असताना मी मधेच उठून पाणी प्यायला जायचे, परत यायचे, परत उठायचे.

ओट्यावर उतार करायचा, एवढं मला कळत होतं. त्यासाठी सेक्रेटरींशी बोलायला हवं होतं, आणि बोलणं हीच माझी अडचण. मी त्यांना मोबाईलवर लांबलचक मेसेज लिहिला, इंग्रजीत, सगळे मुद्दे व्यवस्थित. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे जाऊन राहिलेले मराठी. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. घरात ते आमच्या मराठीपेक्षा जुनं, तमिळ हेल असलेलं मराठी बोलायचे. मला ते ऐकताना नेहमी वाटायचं की मी चुकीच्या परीक्षेला बसलेय.

मेसेजचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी मामा भेटले.

"पोरी, तूं लिहिलीस तें वाचलों," ते म्हणाले. "घर समोर आहे. येऊन तोंडान सांगायला काय झालें?"

मी सांगितलं. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं इंग्रजीत. त्यांनी मान हलवली, म्हणजे इथली ती आडवी मान, जिचा अर्थ हो की नाही हे मला अजून ठरवता येत नाही.

"सिमेंटचा नको. लाकडाचा कर, नको झालें तर काढतां येतें. आणि दहा फुटांच्या पुढें नको. तिथें मामीचें कोलम आहे."

दारासमोर रोज सकाळी मामी कोलम काढायच्या. तांदळाच्या पिठाचे ठिपके आणि त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ. पायरीपासून दहा-अकरा फुटांवर त्याची जागा होती, फाटकातून येणाऱ्याला समोर दिसेल अशी.

"आणि एकदां चालवून बघूं," मामा पुढे म्हणाले. "अस्क्यांसमोर. जमलें तर ठेवूं. नाहीं तर काढायचें. मग परत विचारायचें नाहीं, कां?"

अस्के म्हणजे सगळे. सगळ्यांसमोर एकदा. मी हो म्हणाले.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार बारास एक असावा, असं मी वाचलं होतं. बारा इंच पुढे गेलं की एक इंच चढ. ओटा दहा इंच, म्हणजे एकशेवीस इंच, म्हणजे बरोबर दहा फूट. मामांनी दिलेले तेवढेच. हा आकडा इतका नेमका जुळला की मला वाटलं, बाकी सगळंही जुळेल.

दहावीत मला त्रिकोणमितीत चांगले मार्क होते. आमच्या मॅडमनी केसांच्या रंगाबद्दलचं एक इंग्रजी वाक्य शिकवलं होतं. त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं घेतली की साइन, कॉस, टॅन तिन्ही निघायचे. मी ते वाक्य पेपरच्या कोपऱ्यात लिहायचे आणि कोष्टकासारखं वापरायचे. साइन म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर मी ते वाक्यच म्हणून दाखवलं असतं. एकदा मी फळ्यावर नुसतं साइन लिहिलं, पुढे कोन लिहिलाच नाही. मॅडम म्हणाल्या, "साइन ऑफ व्हॉट? ऑफ युअर हेड?" वर्ग हसला. त्यानंतर मी फळ्याशी जायचं टाळलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. खरंच, कशाचा साइन? आणि तो असतो कुठे? बाजू दिसते, कोन दिसतो, साइन दिसत नाही.

आता जेवणाच्या टेबलावर मी पुस्तकं रचली, त्यांना पोळपाट टेकवला आणि कोन बघत बसले. आई खुर्ची ढकलत आली.

"पोळ्या करायच्यात का शाळा?"

"तुझा उतार आहे हा. हा उभा लंब, हा पाया, आणि हा तिरका." मला तिरक्याचा मराठी शब्द येत नव्हता.

"कर्ण," आई म्हणाली. "काटकोन त्रिकोण होता की आम्हालाही. पुढचं मात्र विसरले."

"लंब भागिले पाया, म्हणजे टॅन. आपला एक भागिले बारा."

"भागल्यावर येतं काय? इंच की फूट?"

मी थांबले. इंच नाही, फूटही नाही. "नुसता आकडा येतो," मी म्हणाले.

"कशाचा नुसता आकडा?"

मी एक पुस्तक काढलं आणि पोळपाट तेवढाच मागे ओढला. उंची कमी झाली, पायाही कमी झाला, तिरकेपण तेच राहिलं. परत पुस्तक ठेवून पुढे ढकलला. तेच. आई बघत होती.

"इडलीच्या पिठासारखं," ती म्हणाली. "चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद. दोघींसाठी कर नाहीतर लग्नघरासाठी. चारास एक ते चारास एकच. वाटी कुठली घेतलीस त्याला कोण विचारतंय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दहावीत मला कुणी हे सांगितलं असतं तर त्या केसांच्या वाक्याची गरजच पडली नसती. साइन, कॉस, टॅन या वस्तू नाहीत, ती प्रमाणं आहेत. त्रिकोण कितीही मोठा करा, कोन तोच असेल तर प्रमाण बदलत नाही. म्हणूनच कोन विचारावा लागतो, कारण प्रमाण त्या कोनाचं असतं.

"पण एक सांग," आईने पोळपाटाच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं. "तू सारखी खालून बघतेस. मी तर इथे वर असेन."

खालच्या कोनातून बघितलं की समोरची बाजू ओट्याची उंची, आणि लगतची बाजू जमीन. वरच्या कोनातून बघितलं की सगळं उलटं. समोर जमीन, लगत उंची. माझा साइन तो तिचा कॉस. हे मी दहावीत पाठ केलं होतं, नव्वद वजा थीटा वगैरे, पण एकाच फळीच्या दोन टोकांना दोन माणसं असू शकतात हे तेव्हा सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मला सगळीकडे उतार दिसायला लागले. ऑफिसच्या पार्किंगमधून वर येणारा, जिथे शेअर ऑटो दम लागल्यासारख्या थांबतात. मेट्रोच्या खांबांना टेकवलेल्या लोखंडी शिड्या. फुटपाथवरून दुकानांत गाड्या चढवायला टाकलेले सिमेंटचे ढेकळासारखे चढ, ते तर तिनास एकही नव्हते. बसमध्ये बसल्या बसल्या मी खिडकीच्या काचेवर बोटाने त्रिकोण काढायचे आणि शेजारची बाई बघायला लागली की पुसायचे.

सुतार गल्लीपलीकडचाच होता. त्याला मी कागदावर आकृती काढून दिली. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली आणि तमिळमध्ये विचारलं, "दहा फूट म्हणजे फळी दहा फूट, की खाली जमिनीवर दहा फूट, मा?"

हा साइन आणि टॅनमधला फरक होता. कर्ण घेतला तर साइन, पाया घेतला तर टॅन. मला इतका आनंद झाला की मी तिथेच मोबाईलवर हिशेब केला. फळी जमिनीपेक्षा लांब निघाली, पण अर्ध्या इंचाहूनही कमी. इतक्या बारीक उताराला दोन्ही जवळजवळ सारखेच. तरी मी त्याला तो जवळजवळ अर्धा इंच जास्त धरायला लावला. त्याने आडवी मान हलवली.

त्याने त्याच्या दुकानात सांगाडा बनवला. दोन्ही बाजूंना काटकोनी त्रिकोणाचे लाकडी आडोसे, वर फळ्या, फळ्यांवर चाकं घसरू नयेत म्हणून खडबडीत रबर. रविवारी सकाळी तो आणून पायरीवरून ओट्याला लावला. वरच्या टोकाला ओटा आणि फळी यांच्यात नखाएवढी फट राहिली. मी पुठ्ठ्याची घडी करून ती बुजवली.

अस्के जमले. वरच्या मजल्यावरचे दोघंतिघं, मामा, मामी, वॉचमन. आईने पंजाबी ड्रेस घातला होता, मुद्दाम. मी म्हणाले मागे धरते, ती म्हणाली खाली उभी राहा.

उतरताना सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग खुर्चीचा वेग वाढला. आईने चाकांच्या कड्या आवळल्या, तिचे तळवे रबरासारखे किरकिरले, आणि खुर्ची सरळ माझ्या अंगावर येऊन थांबली. मागे मामींचं कोलम होतं. माझा पाय त्यात पडला.

"काही नाही, सवय नाही," आई हसून म्हणाली. "आता वर जाते."

वर जाताना ती अर्ध्यापर्यंत गेली. मग आणखी एक हात. मग तिचे खांदे थरथरायला लागले. व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं की बारास एक तिला जमेल. घरात तिने त्याहून जड गालिच्यावरून खुर्ची नेली होती. इथे चाक पुढे सरकेना, मग ते मागे यायला लागलं. मी धावत जाऊन मागून धरलं आणि तिला वर ढकललं. ढकलताना मला तिची मान दिसत होती, लाल झालेली.

वरच्या मजल्यावरचे हळूच निघून गेले.

"पुढच्या रविवारी काढूं," मामा म्हणाले. आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त लागलं. "अक्का, तुमी मनाला लावून घेऊं नका."

दार बंद झाल्यावर आई म्हणाली, "सांगितलंस बारास एक. निघालं भलतंच."

तो आठवडा मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. फक्त हे आठवतं की मी एका जागी बसत नव्हते. सांगाडा परत मोजला. लंब दहा इंच. पाया दहा फूट. फळी हवी तेवढीच. भागाकार मोबाईलवर केला, कागदावर केला. ऑफिसात एका मीटिंगमध्ये कुणीतरी मला दोनदा हाक मारली. आकडे बरोबर होते आणि आईचे खांदे खोटं बोलत नव्हते. यातलं एक चूक असणार, आणि आकडे चुकीचे नाहीत, म्हणजे आईच्या हातांत जोर नाही. मी तिच्या हातांकडे बघायला लागले. ती चहाचा कप उचलायची तेव्हाही बघायचे. तिला ते कळत होतं. तिने खुर्ची स्वतः ढकलणं कमी केलं. खिडकीपाशी गेली की तिथेच राहायची.

शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. सकाळी लवकर उठून कॉफी घेऊन खिडकीपाशी उभी होते. आई शेजारी. बाहेर मामी बादली घेऊन आल्या. सांगाडा आडवा येत होता, म्हणून त्यांनी त्याच्या बाजूने पाणी मारलं. सडा पसरला, क्षणभर चमकला, मग एका जिभेसारखा पुढे सरकत फाटकाकडे निघाला. फाटकाखालून गटारात गेला. मामी थांबल्या, जमीन जरा सुकू दिली आणि वाकून ठिपके ठेवायला लागल्या.

मी कॉफीचा घोट तोंडातच धरून उभी राहिले.

"पाणी," मी म्हणाले.

"काय पाणी?"

"फाटकाकडे जातंय."

"रोजच जातं," आई म्हणाली. "पावसाचं पाणी ओट्याशी साठू नये म्हणून बाहेर उतार देतात. सगळ्या गल्लीत आहे."

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. एवढी मोजत होतीस."

शाळेत प्रत्येक काटकोन त्रिकोणाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढलेला असायचा. हा नव्वद अंशांचा, हे सांगणारा. प्रश्न सुरू व्हायच्या आधीच तो दिलेला असायचा. मी माझ्या आकृतीतही तो काढला होता, सुताराने त्याच्या दुकानातल्या सपाट जमिनीवर तो तसाच बनवला होता. पण आमचं अंगण सपाट नव्हतंच. काटकोनी सांगाडा उतरत्या जमिनीवर ठेवला की तो सगळाच पुढे झुकतो. वर राहिलेली ती नखाएवढी फट म्हणजे तेच झुकणं होतं. मी त्यात पुठ्ठा कोंबला होता.

मी टेप, दोरी आणि आईची पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेले. दोरीचं एक टोक ओट्याच्या पायथ्याशी दगडाखाली दाबलं, दुसरं सांगाड्याच्या खालच्या टोकाशी नेलं, आणि दोरीला आडव्या लावलेल्या बाटलीतलं पाणी तिला समांतर दिसेपर्यंत ते वर उचललं. त्या टोकाला दोरी आणि जमीन यांच्यात तीन इंच अंतर होतं. म्हणजे खरा चढ दहा नाही, तेरा इंच. नवास एक. अर्ध्या इंचासाठी मी सुताराचं डोकं खाल्लं होतं, आणि तीन इंच रोज सकाळी माझ्यासमोरून वाहत गेले होते.

मी आत येऊन आईला आधी एवढंच सांगितलं, "तुझे हात ठीक आहेत."

खिडकीच्या चौकटीवरचा रुमाल उचलून तिने उगाचच त्याची घडी केली.

पण फक्त चूक सापडून भागणार नव्हतं. तेरा इंचांना तेरा फूट, असं मी आधी धरलं. मग लक्षात आलं की तेरा फुटांवर जमीन आणखी खाली गेलेली असणार. लांबी वाढवली की उंची वाढते, उंची वाढली की आणखी लांबी लागते. मी कागदावर त्याच्यामागे धावत राहिले. शेवटी चौदा फुटांच्या थोडं पुढे जाऊन ते थांबलं. चौदा फूट म्हणजे कोलमच्या मधोमध. मामा कधीच हो म्हणणार नाहीत. आणि परत विचारायचं नाही, असं ठरलेलं.

मी घरात येरझारा घालत होते. आई म्हणाली, "बस जरा. मला चक्कर येईल."

"चौदा फूट जागा नाही."

"सरळ फाटकाकडेच का जायचंय?" ती म्हणाली. "मी उतरून मग वळेन की."

मी खिडकीतून बघितलं. ओट्याच्या डाव्या बाजूने, भिंतीला धरून, दहा-बारा फूट जागा होती. तिथे मामांची स्कूटर असायची, सावलीत. पाणी फाटकाकडे जात होतं, म्हणजे भिंतीच्या कडेने जमीन सपाट असायला हवी. उतार एका दिशेला असतो. त्याला आडवं गेलं तर तो लागत नाही.

त्या संध्याकाळी मेसेज न लिहिता मी मामांच्या दाराची बेल वाजवली. मामींनी दार उघडलं. मला काय बोलायचं ते मी घरात चार वेळा म्हणून आले होते आणि दार उघडल्याबरोबर सगळं विसरले.

"मामी, एक तांब्या पाणी देता?" एवढंच निघालं.

मामा बाहेर आले. मी तांब्या घेऊन अंगणात गेले, ते दोघं मागोमाग. मी फाटकाच्या दिशेने थोडं पाणी ओतलं. ते पळालं. मग भिंतीच्या कडेने, स्कूटरच्या मागे ओतलं. ते भिंतीला धरून पुढे गेलं नाही. जागेवरच पसरलं, आणि मग सगळंच्या सगळं फाटकाकडे वळलं.

"हें काय दाखवतेस?" मामा म्हणाले.

"आई इकडून खाली आली तर जमीन तिच्यापुढे पळणार नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी घरात ठरवलेलं नव्हतं. "सांगाडा तोच. दहा फुटांचाच. कोलम मोकळं राहील. फक्त स्कूटर."

मामा स्कूटरकडे बघत राहिले. मामी हसल्या.

"चाळीस वर्सं मी पाणी मारत्यें, तुमाला एकदां तरी कळलें कां तें कुठें जातें?" त्या मामांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "स्कूटर उन्हांत राहील तर राहूं दे. तिला काय काळी पडायची भीती?"

"सीट तापतें," मामा म्हणाले.

"तर उभें राहून चालवा."

मामांनी आडवी मान हलवली. या वेळी तिचा अर्थ मला कळला.

शनिवारी सुताराने सांगाडा फिरवला. आता तो बाजूला कलत होता, म्हणून बाहेरच्या कडेखाली त्याने लाकडाची जेमतेम इंचभर जाड पट्टी ठोकली. वर फट राहिली नाही. मी बोट घालून बघितलं.

रविवारी सगळ्यांना बोलवायचं का, असं मामांनी विचारलं. आई म्हणाली, नको.

संध्याकाळी ती दाराशी गेली. मी चपला घालायला लागले.

"तू आत थांब," ती म्हणाली.

"खाली उभी राहते, धरणार नाही."

"तू खाली उभी असलीस की मी तुझ्याकडे बघते. उताराकडे बघत नाही. आत थांब."

मी खिडकीपाशी गेले, तिच्या जागेवर. ती ओट्यावर आली, डावीकडे वळली. क्षणभर थांबली. मग खुर्ची उतरायला लागली आणि मला रबरावरून चाकांचा एकसारखा आवाज आला, ना वाढणारा, ना अडणारा. खाली आल्यावर तिने वळसा घेतला, कोलमला बगल दिली आणि फाटकाकडे गेली. तिथे अंगणाचा उतार तिला थोडा पुढे घेऊन गेला, तेव्हा मी खिडकीचा गज धरला. तिने चाकांना हात टेकवून वेग कमी केला आणि ती फाटकाबाहेर दिसेनाशी झाली.

मी घड्याळाकडे बघणार नाही असं ठरवलं. स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, बंद केला. परत खिडकीत आले. फाटकाबाहेरच्या रस्त्याला किती उतार आहे ते मी मोजलं नव्हतं. कोपऱ्यावर फुटपाथ आहे का, हेही मला सांगता येईना, आणि मी तिथून रोज जाते. मी फोन उचलला. ती म्हणेल, आत थांब म्हटलं होतं ना. फोन ठेवला.

मामी अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. खिडकीकडे बघून त्यांनी विचारलं, "अक्का आली?"

"नाही अजून."

"येईल. फुलवालीशीं भांडत असेल."

अंधार पडायच्या थोडं आधी फाटक वाजलं. आई आली ती अंगणाच्या चढावर रेटा देत, मांडीवर केळीच्या पानात बांधलेला मोगरा. सांगाड्याच्या पायथ्याशी ती थांबली, दोन श्वास घेतले. मी दाराकडे धावले आणि दाराआडच उभी राहिले. चाक चढावर आलं. एक हात, मग आणखी एक. मध्ये एकदा ते थांबलं. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो तिथेच ठेवला. चाक मागे आलं नाही.

ओट्यावर आल्यावर तिचे खांदे थरथरत होते. तिने पान माझ्या हातात दिलं.

"तिने तिच्याच हाताने मोजलं," ती म्हणाली. "आखूड दिलं. उद्या परत जाते."